दाब कुणाचा जास्त?

यशवंतपूर सर्कल ते गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल हे अंतर नकाशावर बोटभरही भरत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला तुमकूर रस्त्यावर त्याचं काय होतं, हे बेंगळुरूत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. टॉमटॉमच्या २०२३ च्या वाहतूक निर्देशांकात बेंगळुरू जगातलं सहावं संथ शहर ठरलं. शहराच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला सरासरी २८ मिनिटं १० सेकंद लागत होती, म्हणजे ताशी एकवीस किलोमीटरच्या आसपास. (पुणेकरांनी हसू नये. त्याच यादीत पुणे सातवं आहे, २७ मिनिटं ५० सेकंद.) डोक्यावरून मार्च २०१४ पासून मेट्रो धावते आहे. खालच्या गर्दीत एखादी गाडी अशी असते की ती दिसण्याआधी ऐकू येते. पुढच्या जाळीआड इंटरकूलर चमकत असतो, मागे जाड सायलेन्सर असतो, आणि सिग्नलला उभी असताना इंजिन एका लयीत चालत नाही. धड-धड, मध्येच एक ठोका गाळल्यासारखं, पुन्हा धड-धड. शौकिनांना हा आवाज फार आवडतो. ‘कॅम टाकलाय’, म्हणजे मूळचा कॅमशाफ्ट बदललाय, हे जाणकार मग न विचारताच ओळखतात.

त्या आवाजाचा अर्थ मात्र फारसा शोभेचा नाही. सिलिंडरमध्ये ताज्या मिश्रणाबरोबर जळका धूर शिरतो आहे आणि काही वेळा ठिणगीने मिश्रण नीट पेट घेत नाही, एवढाच तो अर्थ. बिनटर्बोच्या रेसिंग इंजिनात ही किंमत मोजून वरच्या आरपीएमला काहीतरी पदरात पडतं. रस्त्यावरच्या टर्बो इंजिनात बहुतेक वेळा किंमत तेवढी मोजली जाते आणि पदरात काही पडत नाही. हे का, आणि मग कॅम निवडायचा तरी कसा, याचा हा शोध.

यशवंतपूर हा त्यासाठी चांगला मुलूख आहे. उत्तरेला जालहळ्ळीत १९५३ साली एचएमटी सुरू झाली, पुढे पीण्याची औद्योगिक वसाहत पसरली. दक्षिणेला मल्लेश्वरम-राजाजीनगरच्या हद्दीवर किर्लोस्कर इलेक्ट्रिक होती. कंपनीची स्थापना १९४६ ची. तिच्या जुन्या जागेवर आज वर्ल्ड ट्रेड सेंटर आणि मॉल उभे आहेत. त्याआधी १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली होती आणि तिथले लेथ दक्षिणेतल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये पोचले. अशा परिसरात मिलिमीटरचा शंभरावा भाग ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट असते. इंजिनाच्या व्हॉल्व्ह बनवणारा कार मोबाइल्सचा कारखाना पीण्यातलाच, पुढे तो राणे इंजिन व्हॉल्व्हमध्ये विलीन झाला. आणि त्या व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट? त्यासाठी सोलापूर गाठावं लागतं. हासनपर्यंत वाढवण्याआधी सोलापूरची एक्सप्रेस यशवंतपूरपर्यंतच यायची, आणि आजही ती याच स्टेशनवरून पुढे जाते.

चादरी आणि टॉवेलांच्या सोलापुरात १९९२ साली यतीन शहा यांनी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी काढली. जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई, मारुती, टाटा अशा कंपन्यांच्या इंजिनांत तिचे कॅमशाफ्ट गेले, आणि २०१६ च्या सुरुवातीला कंपनी शेअर बाजारात आली. तिची मूळ ओळख ‘चिल्ड कास्ट आयर्न’ची. वाळूच्या साच्यात, जिथे लोब म्हणजे कॅमचे उंचवटे यायचे तिथे, लोखंडाचे तुकडे बसवलेले असतात. वितळलेला रस त्या थंड लोखंडाला टेकला की तिथल्या तिथे झपाट्याने गोठतो आणि कार्बाइडने भरलेला कडक, पांढरा थर तयार होतो. बाकीचा दांडा सावकाश थंड होतो, त्यामुळे तो मऊ राहतो आणि यंत्रावर सहज कापता येतो. एकाच ओतकामात दोन स्वभावांचं लोखंड मिळतं. कॅम पुन्हा घासून बदलणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. जुना कॅम ग्राइंड करून लिफ्ट वाढवतात ती उंचवटा वाढवून नव्हे, कारण धातू नव्याने कुठून येणार? खालचं वर्तुळ लहान करून ती मिळवतात. घासणं प्रमाणाबाहेर गेलं तर कडक थर संपतो आणि उरलेला लोब काही हजार किलोमीटरांत झिजून जातो. स्वस्तातलं हे काम बरेचदा असं महाग पडतं.

आता मूळ हिशेब. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. क्रँकच्या या ७२० अंशांपैकी किती अंश व्हॉल्व्ह उघडी राहते ती ड्युरेशन, किती मिलिमीटर उघडते ती लिफ्ट, आणि इनटेक व एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधला कोन ही तिसरी संख्या. कॅमबरोबर येणाऱ्या कागदावर हे तिन्ही आकडे असतात. ड्युरेशन कुठून मोजली हेही त्यावर बघायचं. व्हॉल्व्ह जागची हलल्यापासून मोजली तर आकडा मोठा दिसतो, १ मिमी किंवा ०.०५० इंच उचलल्यापासून मोजली तर लहान. दोन दुकानदारांचे कॅम या फरकाकडे न बघता शेजारी ठेवून तुलना करणं व्यर्थ आहे.

या आकड्यांतून चौथा निघतो, आणि टर्बोवाल्याने तोच आधी काढावा. दोन्ही ड्युरेशनची सरासरी घ्यायची आणि त्यातून लोबमधल्या कोनाची दुप्पट वजा करायची. जे उरतं ते ओव्हरलॅप, म्हणजे एक्झॉस्ट मिटायची आहे आणि इनटेक उघडली आहे असा, दोन्ही दारं उघडी असण्याचा काळ. २८० अंशांचा ‘गरम’ कॅम १०८ च्या कोनावर बसवला तर ओव्हरलॅप ६४ अंश होतो. २५० चा कॅम ११४ वर असेल तर फक्त २२. कागदावर दोन्ही कॅम भावंडं वाटतात, वागायला मात्र पूर्ण वेगळे. शिवाय अंश तेच असले तरी वेळ तीच नसते. ६,००० आरपीएमला ६४ अंश पावणेदोन मिलिसेकंदांत संपतात, १,५०० ला तेच सात मिलिसेकंद चालतात. सिग्नलवर, ट्रॅफिकमध्ये, मोठा ओव्हरलॅप चौपट वेळ छळतो.

मुंबईच्या लोकलच्या दारात काय होतं ते आठवा. उतरणारे जोरात बाहेर पडले की त्यांच्या मागे जागा होते आणि चढणारे त्याच ओढीने आत शिरतात. बिनटर्बोच्या इंजिनात वरच्या वेगाला ओव्हरलॅपचा फायदा असाच मिळतो. बाहेर धावणाऱ्या धुरामागे पोकळी तयार होते आणि ती ताजं मिश्रण आत खेचते. पण फलाटावरचा जिना अरुंद असेल आणि उतरलेले तिथेच तुंबले, तर दार उघडं असणं उलटं अंगाशी येतं आणि गर्दी पुन्हा डब्यात ढकलली जाते. टर्बोचं टर्बाइन म्हणजे तो जिना. धुराला त्यातून घुसायचं असतं, म्हणून टर्बाइनच्या आधी मॅनिफोल्डमध्ये दाब साठतो. रस्त्यावरच्या लवकर जागणाऱ्या लहान टर्बोत वरच्या आरपीएमला हा दाब बूस्टच्या, म्हणजे टर्बोने आत दाबलेल्या हवेच्या दाबाच्या, दीडपट, दुप्पट होणं नवलाचं नाही. इनटेकमध्ये १ बार आणि एक्झॉस्टमध्ये २ बार असताना दोन्ही व्हॉल्व्ह उघड्या ठेवल्या तर वारा कुठून कुठे वाहील ते सांगायला इंजिनियर लागत नाही. आठशे-नऊशे अंशांचा धूर उलटा सिलिंडरमध्ये शिरतो, मिश्रण तापतं, नॉकिंग म्हणजे अवेळी पेटणं सुरू होतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते. मालकाने अधिक ताकदीसाठीच पैसे मोजलेले असतात.

म्हणून कॅम निवडण्याआधीचा माझ्या मते एकमेव खरा प्रश्न हा: दाब कुणाचा जास्त, आत येणाऱ्याचा की बाहेर जाणाऱ्याचा? बूस्टचा काटा डॅशबोर्डवर मिरवणारे पुष्कळ दिसतात. टर्बाइनच्या आधीचा दाब मोजणारे त्या मानाने विरळा, आणि त्याला महागडं यंत्रही लागत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला एक भोक पाडून धातूची बारीक नळी बसवायची, उष्णता उतरावी म्हणून तिचे काही वेटोळे करायचे आणि टोकाला साधा प्रेशर गेज लावायचा. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, पूर्ण थ्रॉटलला दोन्ही काटे शेजारी शेजारी वाचायचे. एक्झॉस्टचा दाब कायम वर राहत असेल तर कमी ओव्हरलॅप आणि लोबमधला कोन ११२ ते ११६ च्या घरात, हे दुकानदार सांगो न सांगो. दोन्ही जवळ जवळ असतील, किंवा मोठ्या टर्बाइनमुळे बूस्टच वर असेल, तर बिनटर्बोच्या इंजिनाचं शास्त्र पुन्हा लागू होतं आणि ओव्हरलॅप वाढवायला जागा मिळते.

यात बेंगळुरूचा स्वतःचा एक मुद्दा आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटरवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा दहा टक्के विरळ. टर्बो मुळात याच दुखण्यावर औषध म्हणून मान्य झाला. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलं, पण टर्बोचं सामर्थ्य गाजलं ते १९१८ मध्ये, सॅनफर्ड मॉसने अमेरिकेत पाइक्स पीक या डोंगरावर चार हजार मीटरहून अधिक उंचीवर लिबर्टी विमान-इंजिनाची चाचणी घेतली तेव्हा. उंचीमुळे गमावलेली ताकद टर्बोने परत मिळवून दिली. फुकट मात्र नाही. मॅनिफोल्डमध्ये निरपेक्ष दाब २ बार हवा असेल तर मुंबईत हवा साधारण दुप्पट दाबावी लागते, यशवंतपुरात २.२ पट. कंप्रेसरला जास्त राबवायचं म्हणजे टर्बाइनला जास्त राबवायचं, आणि त्याची ऊर्जा धुराच्या दाबातूनच येते. टर्बाइनच्या मागे बाहेरचीही हवा विरळ असल्याने थोडी भरपाई होते, पण पुरती नाही. म्हणून चेन्नईत किंवा मुंबईत जमून गेलेला कॅम बेंगळुरूच्या रस्त्यावर जरा जास्तच ‘मोठा’ ठरू शकतो. शिवाय बूस्ट येण्याआधी इंजिन दहा टक्के मलूल असतंच, त्यात मोठ्या कॅमने आणखी भर घातली की गोरगुंटेपाळ्याच्या चढावर क्लच जाळावा लागतो.

ही मलूलता येते कुठून? इनटेक मिटण्याच्या वेळेवरून. आकड्यातच बघू, आणि उदाहरण घरचं घेऊ. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातून निघालेल्या फियाटच्या लिनिया टी-जेट (२०१०) आणि अबार्थ पुन्टो (२०१५) या दोन गाड्या आजही भारतातल्या टर्बोवेड्यांच्या लाडक्या आहेत. दोन्हींत १,३६८ सीसीचं इंजिन, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी. कॉम्प्रेशन ९.८ धरू आणि कनेक्टिंग रॉड सुमारे १३० मिमी. २८० अंशांचा, १०८ वर बसवलेला कॅम पिस्टन तळाला गेल्यानंतर ६८ अंशांनी इनटेक मिटवतो. तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि बूस्ट नसेल तर आत आलेली हवा उलटी हुसकतो. खरं दाबणं उरतं ते ८४ पैकी जेमतेम ६४ मिमीत. कागदावरचं ९.८ प्रत्यक्षात ७.७ च्या आसपास येतं. २५० अंशांचा, ११२ वर बसवलेला कॅम ५७ अंशांना मिटतो आणि तोच आकडा ८.३ होतो. अर्ध्याहून जास्त अंकाचा हा फरक पहिल्या गिअरमध्ये, बूस्ट यायच्या आत, पायाला कळतो. टर्बो जागायला धूर लागतो आणि धूर व्हायला आधी इंजिनाने नीट श्वास घ्यावा लागतो. मोठ्या कॅमने टर्बो उशिरा उठतो, तो यामुळे.

याच दोन गाड्यांचे कंपनीचे आकडे आणखी काही सांगतात. लिनिया टी-जेट ११४ अश्वशक्ती आणि २०७ न्यूटन-मीटर, अबार्थ १४५ आणि २१२. टॉर्क अडीच टक्केही वाढला नाही, ताकद सत्तावीस टक्के वाढली. म्हणजे तोच टॉर्क वरच्या आरपीएमपर्यंत टिकवून धरला, एवढंच. टर्बो इंजिनात टॉर्कची उंची मुख्यतः बूस्ट ठरवतो. तो टॉर्क वर कुठपर्यंत टिकणार यात कॅमचा हात असतो, पण त्याआधी टर्बाइनचा, इंटरकूलरचा आणि एक्झॉस्टच्या मोकळेपणाचा. कॅम त्या रांगेत शेवटी येतो. आपल्याकडे तो आवाजामुळे पहिल्या नंबरावर येऊन बसतो.

एक्झॉस्ट लोबचं वेगळंच राजकारण आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लवकर उघडली तर पिस्टनला ढकलण्याचं थोडं काम अर्ध्यावर सुटतं, पण गरम, दाबाचा धूर टर्बाइनला मिळतो आणि टर्बो लवकर फिरतो. उशिरा उघडली तर उलट. मोठ्या, जड टर्बाइनला ही खिरापत चालते. लहान टर्बाइन आधीच गुदमरलेलं असेल तर उपयोग नाही. बिनटर्बोच्या कॅममध्ये एक्झॉस्टची ड्युरेशन इनटेकपेक्षा जास्त ठेवायची एक सवय आहे. ती डोळे मिटून टर्बोला लावली की एक्झॉस्ट उशिरा मिटते, ओव्हरलॅप वाढतो आणि आपण पुन्हा त्या तुंबलेल्या जिन्याशी येतो.

इथे कुणी हात वर करेल की चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयसारख्या नव्या इंजिनांत कंपनी स्वतःच ओव्हरलॅप वाढवते, त्याचं काय? खरं आहे. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅम चालत्या गाडीत पुढे-मागे सरकवता येतात. कमी आरपीएमला, पूर्ण थ्रॉटलवर, टर्बो नुकता भरू लागला असताना थोडा वेळ बूस्ट एक्झॉस्टच्या दाबावर मात करतो. नेमक्या त्या खिडकीत ओव्हरलॅप वाढवून ताजी हवा सिलिंडरमधून आरपार सोडतात. जळका धूर धुतला जातो आणि टर्बाइनला जादा वारा मिळतो. खिडकी संपली की ओव्हरलॅप पुन्हा कमी. हे जमतं कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटल्यावर सोडलं जातं, आरपार जाते ती नुसती हवा. टी-जेटसारख्या, पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हवेबरोबर पेट्रोलही सायलेन्सरकडे जाईल आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून निघेल. ज्यांच्या गाडीत कॅम सरकवण्याची सोय आहे त्यांनी दुकानातून कॅम आणण्याआधी ट्यूनरकडून ईसीयूच्या मॅपमधला कॅमचा तक्ता तपासून घ्यावा. बरेचदा हवी ती सुधारणा तिथेच, एकही बोल्ट न उघडता सापडते.

पेट्रोलचाही वाटा आहे. आपल्याकडचं साधं पेट्रोल वर्षानुवर्षं ९१ ऑक्टेनचं होतं. २०२० च्या अखेरीस इंडियन ऑइलने एक्सपी-१०० बाजारात आणलं, आणि आता वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने पंपावरचं ऑक्टेन वर गेलं आहे. नॉकिंगच्या भीतीने ओव्हरलॅप कमी ठेवण्याची गरज त्याने थोडी सैल होते, संपत नाही. बूस्ट चढला की धूर उलटा येतो तो ऑक्टेन बघून येत नाही.

स्प्रिंगांबद्दल फारसं बोललं जात नाही आणि इंजिनं तिथेच मरतात. ३३ मिमी व्यासाच्या इनटेक व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ साडेआठ चौरस सेंटिमीटर. १ बार बूस्ट तिच्या पाठीवर जवळजवळ पावणेनऊ किलोचा भार टाकतो, आणि तो व्हॉल्व्ह उघडण्याच्या दिशेने असतो. २८ मिमीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमागे २ बार असतील तर तिथे साडेबारा किलो. जुन्या, थकलेल्या स्प्रिंगला तेवढं सोसत नाही. वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, थरथरते आणि कधीतरी पिस्टनला भेटते. त्यामुळे बूस्ट वाढवणाऱ्याने कॅम तोच ठेवला तरी स्प्रिंग बदलायला हव्यात. उलट कॅम बदलून स्प्रिंग तीच ठेवणं म्हणजे हेडची वाट लावण्याची पूर्वतयारी. नवीन कॅम बसवताना पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून, मातीतल्या खळग्यांची जाडी मोजायची जुनी रीत अजून उत्तम आहे. इनटेकला निदान २ मिमी, एक्झॉस्टला अडीच. व्हर्नियर पुलीवर कॅम पुढे-मागे करणार असाल तर प्रत्येक जागेवर पुन्हा मोजायचं.

कायद्याचं एका दमात सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॅम बाहेरून दिसत नाही, पण मोठ्या ओव्हरलॅपचं इंजिन आयडलला न जळलेलं पेट्रोल ओकतं आणि पीयूसीच्या नळीत ते लपत नाही.

मग कॅम बदलायचाच कुणी? ज्याची गाडी लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यतीत उतरते, जिचं टर्बाइन मोठं आहे आणि जी साडेचार हजारांच्या खाली कधी येतच नाही, त्याने खुशाल बदलावा, आणि आवाजाचा आनंदही घ्यावा. जो रोज यशवंतपूर ते पीण्या जातो आणि रविवारी नंदी हिल्सला, त्याने आधी दोन्ही दाब मोजावेत, स्प्रिंग बदलाव्यात, इंटरकूलर आणि मॅप नीट करून घ्यावेत. त्यानंतरही डायनोच्या कागदावर साडेपाच हजारांनंतर टॉर्क कोसळत असेल, आणि एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या फार वर नसेल, तरच कंपनीच्या कॅमपेक्षा दहा-बारा अंश जास्त ड्युरेशनचा, रुंद कोनाचा आणि थोड्या जास्त लिफ्टचा कॅम घ्यावा. लिफ्ट वाढवल्याने ओव्हरलॅप फारसा वाढत नाही, म्हणून टर्बोवाल्याने ड्युरेशनपेक्षा लिफ्टवर पैसा लावणं शहाणपणाचं, स्प्रिंग आणि रिटेनर तेवढी उचल सोसत असतील तर.

बसवल्यावर डिग्री व्हील आणि डायल गेज लावून कॅम खरोखर कागदावरच्या जागी बसला का ते पाहायचं. हेड घासलेलं असेल किंवा बेल्ट ताणलेला असेल तर एक-दोन अंशांचा फरक पडलेला असतो. सरकत्या टॅपेटवर थेट घासणारा कॅम असेल तर जस्त-फॉस्फरसयुक्त तेल भरून, पहिल्या वेळी इंजिन सुरू झाल्याबरोबर वीसेक मिनिटं दोन हजार आरपीएमच्या आसपास ठेवायचं, आयडलला सोडायचं नाही. मग डायनो. इनटेक कॅम दोन अंश पुढे, एक पूर्ण रन. दोन अंश मागे, आणखी एक. प्रत्येक कागदावर बूस्ट, एक्झॉस्टचा दाब आणि ३,००० आरपीएमचा टॉर्क असे तिन्ही आकडे लिहून ठेवायचे. ताकदीच्या शिखराचा आकडा चौथ्या रकान्यात.